‘आलोच’ला इंग्रजीत काय म्हणायचं? पुढचं बोलताना ‘विल’ कुठे लावायचं, कुठे नाही

घरातलं दूध संपलंय. कुणीतरी ते सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, "हो का? थांब, मी आणतो." आता प्रसंग जरा बदला. दूध संपल्याचं तुम्हाला सकाळीच कळलं होतं आणि पिशवी हातात घेऊन तुम्ही दाराशी उभे आहात. मग तुम्ही म्हणाल, "माहितीये, आणणारच आहे." दोन्ही वाक्यं पुढच्या दहा मिनिटांतल्या कामाबद्दल आहेत, पण त्यांची अदलाबदल कुणी करणार नाही. इंग्रजीतही नेमका हाच फरक आहे. पहिल्या वेळी ‘ओह, आय'ल गेट सम’. दुसऱ्या वेळी ‘आय नो, आय'म गोइंग टु गेट सम’.

म्हणजे फरक आपल्याला कळतो. घोळ होतो तो शाळेत चिकटवलेल्या चिठ्ठ्यांमुळे. ‘आणतो’ म्हणजे साधा वर्तमानकाळ, म्हणून ‘आय गेट’. ‘आणीन’ म्हणजे भविष्यकाळ, म्हणून ‘आय विल गेट’. या हिशेबाने "मी करतो"चं ‘आय डू इट’ होतं, आणि ‘जाणार आहे’, ‘जातोय’, ‘जाईन’, ‘जायचं ठरलंय’ या चौघांना मिळून एकच ‘आय विल गो’ उरतं. खरं तर इंग्रजीत भूतकाळाला ‘वॉक्ड’सारखा प्रत्यय आहे, भविष्याला तसा प्रत्ययच नाही. बरेच व्याकरणकार इंग्रजीत काळ दोनच मानतात आणि भविष्याचं काम पाचसहा वेगवेगळ्या रचनांमध्ये वाटलेलं आहे असं सांगतात. तेव्हा काळाचं नाव बाजूला ठेवा आणि मराठी रूप त्या वाक्यात कोणतं काम करतंय ते बघा.

ठरवलं केव्हा?

बोलताबोलता घेतलेला निर्णय, मदतीची तयारी आणि दिलेला शब्द, या तिन्हींसाठी मराठीत सर्रास ‘-तो, -ते’ येतं. "तू बस, मी चहा टाकते." "मी दार उघडतो." "कुणाला सांगत नाही, शप्पथ." इंग्रजीत या सगळ्यांना ‘विल’, आणि बोलताना त्याचं आखडलेलं रूप ‘'ल’: ‘यू सिट डाउन, आय'ल मेक द टी’, ‘आय'ल गेट द डोअर’, ‘आय वोन्ट टेल एनीवन, आय प्रॉमिस’. इथे ‘आय मेक द टी’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल की या घरात चहाचं काम रोज तुमच्याकडेच असतं. हॉटेलात वेटर समोर उभा असताना ‘आय'ल हॅव द मसाला डोसा’ म्हणतात तेही याचमुळे. मेनू बघून तुम्ही तिथल्या तिथे ठरवलंत.

ओळखायची खूण सोपी आहे. मराठी वाक्याआधी "थांब" किंवा "बरं मग" घालून बघा. "थांब, मी करतो" बसतं, तिथे ‘'ल’. "थांब, मी रोज सकाळी फिरायला जातो" बसत नाही. ती सवय झाली, तिथे साधा वर्तमानकाळच.

आधीच ठरवून टाकलेलं असेल तर ‘गोइंग टु’. मराठीतलं ‘-णार आहे’ इथे जवळजवळ जसंच्या तसं बसतं. "यंदा गाडी विकणार आहे", ‘आय'म गोइंग टु सेल द कार धिस इअर’. ‘ॲम, इज, आर’पैकी एक, मग ‘गोइंग टु’ आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप. यातलं ‘ॲम’ किंवा ‘इज’ गळणं ही नेहमीची चूक, कारण मराठी बोलण्यातही आपण "मी विकणार" एवढ्यावर थांबतो. मराठीत ‘आहे’ गाळलं तरी चालतं, इंग्रजीत ‘आय गोइंग टु सेल’ चालत नाही.

नुसतं मनात ठरलेलं नाही, तर दुसऱ्या कुणाशी वेळ ठरलीय, तिकीट काढलंय, हॉल बुक झालाय, अशा वेळी ‘आयएनजी’चं रूप येतं. "उद्या पाचला दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय", ‘आय'म सीइंग द डेंटिस्ट टुमॉरो ॲट फाइव्ह’. "शनिवारी ताईकडे जेवायला जातोय", ‘वी'र हॅविंग डिनर ॲट माय सिस्टर्स प्लेस ऑन सॅटरडे’. डायरीत वेळ आणि माणूस लिहिता येईल अशी ही गोष्ट असते. ‘आय'म गोइंग टु सी द डेंटिस्ट’ हेही बरोबरच आहे, पण त्यात अपॉइंटमेंट घेतली की फक्त मनात आहे, ते ऐकणाऱ्याला कळत नाही. ऑफिसात ‘आय'म मीटिंग द क्लायंट ऑन थर्सडे’ म्हटलं की वेळ पक्की झाली असा अर्थ घेतला जातो. तशी पक्की नसेल तर ते बोलू नका.

या रूपाच्या दोन अटी आहेत. एक, वेळेचा शब्द हवा किंवा संदर्भाने ती कळायला हवी. नुसतं ‘आय'म वर्किंग’ म्हटलं तर ‘आत्ता कामात आहे’ असाच अर्थ लागेल. दोन, गोष्ट माणसाने ठरवण्याजोगी हवी. पाऊस कुणी ठरवत नाही, म्हणून ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ चूक आणि ‘इट'स गोइंग टु रेन टुमॉरो’ बरोबर. निकालाचंही तसंच. "उद्या कळेलच" याला ‘आय'म नोइंग टुमॉरो’ नाही, ‘आय'ल नो टुमॉरो’.

‘गोइंग टु गो’ चूक नाही, पण कानाला खटकतं. बहुतेक जण ‘आय'म गोइंग टु सातारा’ एवढंच म्हणतात. इथे ‘टु’नंतर गावाचं नाव आहे, क्रियापद नाही, हे लक्षात ठेवा. घाईच्या बोलण्यात ‘गोइंग टु’चं ‘गॉना’ होतं, पण फक्त क्रियापदाआधी. ‘आय'म गॉना कॉल हिम’ ठीक, ‘आय'म गॉना सातारा’ कधीच नाही. ईमेलमध्ये ‘गॉना’ लिहू नका.

वेळापत्रक आणि नोटीस

"डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते." १९३० पासून धावणाऱ्या या गाडीबद्दल कुणी "सुटेल" म्हणत नाही, आणि इंग्रजीही म्हणत नाही: ‘द डेक्कन क्वीन लीव्ज पुणे ॲट सेव्हन फिफ्टीन’. गाडी, विमान, शाळेचं सत्र, बँकेची वेळ, सिनेमाचा खेळ अशा छापील वेळांना दोन्ही भाषांत साधा वर्तमानकाळ. ‘व्हॉट टाइम डज द बँक ओपन टुमॉरो?’ असं विचारा, ‘विल ओपन’ नको.

पण तीच गाडी आज रखडली की गोष्ट छापील उरत नाही. "आज वीस मिनिटं उशिरा पोचेल" हा अंदाज झाला, म्हणून ‘इट'ल बी ट्वेंटी मिनिट्स लेट टुडे’. मराठीतही ‘पोचते’चं ‘पोचेल’ झालंच की.

नोटिशीची भाषा याला अपवाद आहे. शाळा, सोसायटी, परीक्षा मंडळ यांच्या सूचनांत सगळं ठरलेलं असूनही ‘विल बी’ आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप येतं: ‘द मीटिंग विल बी हेल्ड ऑन संडे’, ‘वॉटर सप्लाय विल बी शट ऑफ फ्रॉम टेन टु फोर’. सूचना लिहायची असेल तर हेच वापरा. मात्र त्याच सभेबद्दल शेजाऱ्याला सांगताना ‘देअर'स अ मीटिंग ऑन संडे’ एवढं पुरे.

वर्तमानपत्राचा मथळा आणखी वेगळा. ‘सीएम टु विझिट नागपूर ऑन मंडे’ यात क्रियापदच नाही असं वाटतं. मथळ्यातला ‘टु’ म्हणजे ‘इज टु’, ‘-णार आहेत’. मथळा वाचताना ‘टु’च्या जागी ‘-णार’ ठेवा, अर्थ लागतो. स्वतःच्या वाक्यात मात्र ही काटकसर करू नका.

आला की, आला तर

मराठी माणसाच्या इंग्रजीतली सर्वांत चिवट चूक इथे होते, म्हणून थोडं सावकाश.

"तू आलास की आपण जेवू." या वाक्यात ‘आलास’ भूतकाळी रूपात आहे, आणि तरीही गोष्ट पुढची आहे. "पाऊस पडला तर सामना होणार नाही." ‘पडला’ही तसाच. म्हणजे ‘की’ आणि ‘तर’च्या आधी मराठी स्वतःच भविष्याचं रूप टाळते. इंग्रजीही टाळते, फक्त ती भूतकाळाऐवजी वर्तमानकाळ घेते: ‘वी'ल ईट व्हेन यू कम’, ‘इफ इट रेन्स, द मॅच वोन्ट हॅपन’. ‘व्हेन यू विल कम’ आणि ‘इफ इट विल रेन’ ही आपण शाळेत शिकलेल्या नियमाच्या भरवशावर केलेली भर आहे. मराठीने ती शिकवलेली नाही.

‘व्हेन’ आणि ‘इफ’बरोबर ‘आफ्टर, बिफोर, अंटिल, ॲज सून ॲज, अनलेस’ हे शब्दही याच गटात येतात. त्यांच्या पोटवाक्यात ‘विल’ नाही, मुख्य वाक्यात आहे. "पगार झाला की लगेच पैसे देतो", ‘आय'ल पे यू ॲज सून ॲज आय गेट माय सॅलरी’. "ती निघायच्या आधी विचारतो", ‘आय'ल आस्क हर बिफोर शी लीव्ज’. काम पूर्ण होण्यावर जोर असेल तर ‘हॅव’चं रूप: "वाचून झालं की परत करीन", ‘आय'ल रिटर्न इट व्हेन आय'व्ह फिनिश्ड रीडिंग इट’.

आता गोम. ‘व्हेन’नंतर ‘विल’ कधीच येत नाही असं कुणी शिकवलं असेल तर ते अर्धंच आहे. "तो केव्हा येईल, माहीत नाही" याला ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ अगदी बरोबर. फरक मराठीत उघड दिसतो. ‘केव्हा येईल’ हा प्रश्न आहे, तिथे ‘विल’ चालतं. ‘आला की’ किंवा ‘येईल तेव्हा’ ही वेळ आहे, तिथे चालत नाही. ‘इफ’चं तसंच: "तो येईल का, ते विचार" यात ‘का’ आहे, म्हणून ‘आस्क हिम इफ ही'ल कम’. "तो आला तर सांग" यात ‘तर’ आहे, म्हणून ‘टेल मी इफ ही कम्स’. ‘केव्हा’ आणि ‘का’ला ‘विल’, ‘की’ आणि ‘तर’ला नाही. एवढी एक ओळ वहीत लिहून ठेवली तरी निम्मं काम होतं.

अंदाज: पडेल, पडणार, पडेलही

"पाऊस पडेल" आणि "पाऊस पडणार" यांत कोण जास्त खात्रीने बोलतोय? दुसरा. त्याने बहुधा आभाळ भरून आलेलं पाहिलंय. इंग्रजीत समोर पुरावा दिसत असेल तर ‘गोइंग टु’: ‘लुक ॲट दोज क्लाउड्स, इट'स गोइंग टु रेन’. स्टुलावर चढून माळ्यावरचं पातेलं काढणाऱ्या मुलाला "अरे, पडशील!" म्हणून ओरडायचं, तर ‘केअरफुल, यू'र गोइंग टु फॉल!’ कारण स्टूल डगमगताना दिसतंय. केवळ मत, अनुभव किंवा विश्वास असेल तर ‘विल’: ‘आय थिंक इंडिया विल विन’, ‘यू'ल लाइक हर’.

ही रेघ दर वेळी ठळक नसते. बऱ्याच अंदाजांत दोन्ही चालतात आणि तिथे घुटमळत बसू नये. डोळ्यांसमोर घडू पाहणाऱ्या गोष्टीला मात्र ‘विल’ लावलं की ते विचित्र वाटतं.

नकारात्मक अंदाज सांगताना मराठीतलं "मला नाही वाटत तो येईल" हे वळण पकडा. इंग्रजी तेच पसंत करते: ‘आय डोन्ट थिंक ही'ल कम’. ‘आय थिंक ही विल नॉट कम’ व्याकरणात बसतं, पण कानाला ताठर लागतं.

खात्री कमी होत जाईल तसे शब्द बदलतात. ‘विल डेफिनेटली’, मग ‘विल प्रॉबेब्ली’, मग ‘माइट’ किंवा ‘मे’. "पडेलही कदाचित" याला ‘इट माइट रेन’. ‘माइट’बरोबर ‘विल’ घालायचं नाही. ‘प्रॉबेब्ली’ची जागा चुकते ती नकारात: होकारात ते ‘विल’नंतर, ‘ही'ल प्रॉबेब्ली कम’, पण ‘वोन्ट’च्या आधी, ‘ही प्रॉबेब्ली वोन्ट कम’. ‘येऊ शकेल’साठी ‘विल कॅन’ ही जोडी इंग्रजीत नाही, ‘विल बी एबल टु’ घ्या: ‘आय'ल बी एबल टु जॉइन फ्रॉम द फर्स्ट’.

छापील अंदाज कसे लिहितात ते बघायला हवामान खात्याची भाषा उत्तम. भारतीय हवामान विभाग एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा पहिला अंदाज देतो आणि मेअखेर तो सुधारतो. दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे ‘नॉर्मल’. अशा निवेदनात नुसतं ‘विल’ टाळून ‘इज लाइकली टु’ लिहितात: ‘रेनफॉल इज लाइकली टु बी नॉर्मल’. अंदाज चुकला तरी वाक्य खोटं पडत नाही, ही त्यातली सोय. केरळात पाऊस साधारण १ जूनला आणि मुंबईत ११ जूनच्या सुमारास दाखल होतो. त्याच्या आधी पत्रकार लिहितात, ‘द मॉन्सून इज एक्स्पेक्टेड टु रीच मुंबई बाय...’ आणि पुढे तारीख.

परदेशी शिक्षणासाठी आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांना हे दोन ठिकाणी कामी येतं. लेखनाच्या पहिल्या भागात, किमान १५० शब्दांत, कधीकधी आलेख पुढच्या वर्षांपर्यंत जातो. तिथे ‘विल राइज’ची माळ लावण्याऐवजी ‘इज प्रोजेक्टेड टु राइज’, ‘इज फोरकास्ट टु फॉल’ लिहा, कारण आकडे तुमचे नाहीत, कुणीतरी काढलेले आहेत. बोलण्याच्या तिसऱ्या भागात पुढे काय होईल असे प्रश्न बरेचदा असतात. तिथे ‘आय थिंक’, ‘प्रॉबेब्ली’, ‘माइट’, ‘लाइकली टु’ आलटून पालटून वापरा.

अंदाज नेहमी पुढचाच असतो असं नाही. "फोन वाजतोय. आई असेल." ही आत्ताचीच गोष्ट आहे, मराठीत ‘असेल’ आणि इंग्रजीत ‘दॅट'ल बी मॉम’. "एव्हाना पोचला असेल", ‘ही'ल हॅव रीच्ड होम बाय नाउ’. ही दोन्ही रूपं दोन्ही भाषांत जुळतात, तरी बोलताना फार थोडे जण वापरतात.

पर्यंत, पाच मिनिटांत, परवा

क्रियापद बरोबर आलं तरी वाक्य वेळेच्या शब्दावर फसतं. मराठीतला ‘पर्यंत’ एकटाच दोन इंग्रजी शब्दांचं काम करतो. "सोमवारपर्यंत रिपोर्ट देतो" यात सोमवार ही मुदत आहे, त्याआधी कधीही दिला तरी चालेल: ‘आय'ल सेंड द रिपोर्ट बाय मंडे’. "सोमवारपर्यंत मी इथेच आहे" यात सोमवार येईतो काम चालू आहे: ‘आय'म हिअर अंटिल मंडे’. ‘आय'ल सेंड इट अंटिल मंडे’ लिहिलं, तर समोरचा गोंधळेल की हा माणूस रोज पाठवणार आहे की काय.

मुदतीच्या ‘बाय’बरोबर पूर्ण भविष्यकाळ चांगला बसतो. मराठीतलं ‘झालेलं असेल’ म्हणजे तोच: "पाचपर्यंत माझं झालेलं असेल", ‘आय'ल हॅव फिनिश्ड बाय फाइव्ह’. "उद्या या वेळी आम्ही गाडीत असू, प्रवास करत असू" याला ‘धिस टाइम टुमॉरो वी'ल बी ट्रॅव्हलिंग’. शाळेच्या तक्त्यातला बारावा काळ, ‘विल हॅव बीन’वाला, परीक्षेपुरता ओळखता आला की झालं. बोलताना त्याची गरज क्वचितच पडते.

"पाच मिनिटांत येतो" याला ‘इन फाइव्ह मिनिट्स’, ‘आफ्टर फाइव्ह मिनिट्स’ नाही. आत्तापासून मोजायचं असलं की ‘इन’. ‘आफ्टर’ हा एखाद्या घटनेनंतर: ‘आफ्टर लंच’, ‘आफ्टर द मीटिंग’. ‘टुमॉरो’, ‘नेक्स्ट मंडे’, ‘धिस इव्हनिंग’ यांच्याआधी ‘ऑन’ किंवा ‘इन’ लागत नाही. ‘येत्या सोमवारी’ आणि ‘पुढच्या सोमवारी’मध्ये जसा घोळ होतो तसाच तो ‘नेक्स्ट मंडे’मध्ये इंग्रजी भाषकांचाही होतो, म्हणून कामाच्या ईमेलमध्ये वारासोबत तारीख लिहा. आणि आपला ‘परवा’ मागचाही असतो, पुढचाही. पुढचा असेल तर ‘द डे आफ्टर टुमॉरो’, मागचा असेल तर ‘द डे बिफोर यस्टरडे’. नुसतं ‘डे आफ्टर’ इथल्या ऑफिसांत चालतं, बाहेर कळत नाही.

विचारणं, नाकारणं, उच्चार

"करू का?" आणि "जाऊ या का?" याला ‘शॅल आय?’ आणि ‘शॅल वी?’ जुन्या पुस्तकांतला ‘आय, वी’ला ‘शॅल’ आणि बाकीच्यांना ‘विल’ हा नियम जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५३ साली आपल्या व्याकरणात मांडला. आज बोलण्यात ‘आय शॅल गो’ दुर्मीळ झालंय, हे दोन प्रश्न मात्र टिकून आहेत. कायद्यात आणि करारात ‘शॅल’ दिसलं तर ते भविष्य समजू नका, ते बंधन असतं. भारताच्या संविधानाचा पहिला अनुच्छेद ‘इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स’ असा आहे. तिथे पुढे कधीतरी संघ होईल असं म्हटलेलं नाही. भाडेकरारातल्या ‘द टेनंट शॅल पे’कडेही त्याच नजरेने बघा.

दुसऱ्याचा बेत विचारताना ‘विल यू कम?’ हे आमंत्रण किंवा विनंती वाटतं. बेत फक्त जाणून घ्यायचा असेल तर ‘आर यू कमिंग?’ वरिष्ठांना किंवा पाहुण्यांना, अजिबात दडपण न आणता विचारायचं असेल तर ‘विल यू बी कमिंग?’ "उद्या गाडी लागणार आहे का तुम्हाला?" असं काकांना विचारण्यात जो अदब आहे, तो ‘विल यू बी युजिंग द कार टुमॉरो?’मध्ये उतरतो. 

‘वोन्ट’ला दोन अर्थ आहेत. एक, होणार नाही. दुसरा, अडून बसणं: "गाडी सुरूच होत नाहीये", ‘द कार वोन्ट स्टार्ट’. "दार उघडतच नाहीये", ‘द डोअर वोन्ट ओपन’. मराठीतला ‘-च नाहीये’ दिसला की हे आठवा. पण याचा उच्चार नीट जमवा. ‘वोन्ट’मध्ये ‘वो’ लांब, ‘डोन्ट’शी यमक जुळणारा. ‘पाहिजे’ या अर्थाचा ‘वॉन्ट’ म्हणजे ‘वॉ’. आपल्या तोंडी दोन्ही ‘वॉन्ट’ होतात, आणि ‘दे वोन्ट पे’ म्हणताना ऐकणाऱ्याला ‘दे वॉन्ट पे’ ऐकू येतं. पैसे देणार नाहीत की पगार हवाय? दोन्ही शब्द ‘डोन्ट, वोन्ट’ आणि ‘हॉट, वॉन्ट’ अशा जोड्यांत दहा-दहा वेळा मोठ्याने म्हणा.

‘'ल’चाही सराव हवा. ‘आय विल डू इट’ असं प्रत्येक शब्द सुटा करून, ‘विल’वर जोर देऊन म्हटलं तर "करीनच, बघतोच कोण अडवतं ते" असा सूर लागतो. साध्या मदतीच्या वाक्यात ‘आय'ल’ एका झटक्यात म्हणा, ‘आइल’सारखं.

बेत फिरला तर

"जाणार होतो, पण राहिलं." ‘-णार होतो’ म्हणजे ‘वॉज गोइंग टु’, रूपासकट जुळतं: ‘आय वॉज गोइंग टु कॉल यू, बट आय फरगॉट’. इथे ‘आय विल कॉल यू यस्टरडे’सारखी मोडतोड करायची गरजच नाही.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना मराठी त्याचे शब्द तसेच ठेवते: "तो म्हणाला, येतो." इंग्रजीत ‘सेड’ भूतकाळात गेला की ‘विल’चं ‘वुड’ होतं: ‘ही सेड ही वुड कम’. ‘टोल्ड’ वापरलं तर कुणाला ते सांगावं लागतं, ‘ही टोल्ड मी ही वुड कम’. ‘ही टोल्ड दॅट’ अर्धवट राहतं. "बघतो" आणि "बघू" मात्र जपून. मराठीत "बघू" म्हणजे अनेकदा नाहीच, आणि ते दोघांनाही ठाऊक असतं. परदेशी सहकाऱ्याला ‘आय'ल ट्राय’ म्हटलं तर तो प्रयत्नाची वाट बघेल. जमणार नसेल तर ‘आय'म अफ्रेड आय वोन्ट बी एबल टु’ म्हणा.

आता ‘आलोच’. हाक आली आणि तुम्ही उठताय, तेव्हा मराठीत भूतकाळ, इंग्रजीत ‘कमिंग!’ किंवा ‘आय'ल बी राइट देअर’. "निघालोच" म्हणजे चप्पल घालून उभे असाल तर ‘आय'म जस्ट लीव्हिंग’, अजून बूट शोधत असाल तर ‘आय'म अबाउट टु लीव्ह’. ‘आय हॅव लेफ्ट’ फक्त खरोखर निघाल्यावर.

आणि निरोप घेताना "जातो" म्हणणं बरं दिसत नाही म्हणून आपण "येतो हं" म्हणतो, त्याचं ‘आय'म कमिंग’ करू नका. दारातून बाहेर पडणारा माणूस तसं म्हणाला तर यजमान पुन्हा चहा टाकेल. ‘आय'म ऑफ, सी यू’ म्हणा आणि निघा.